व्हिडिओ भरपूर आहेत, पण डिजिटल ग्रंथालय संकल्पनेनुसार कसं वापरायचं? (आठवी, धाराविद्युत)

माणदेशी_शिक्षक

सर्वांना नमस्कार. माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. नोकरीचं चौथं वर्ष आहे. शाळेत एक लॅपटॉप आहे, गावाने लोकवर्गणीतून घेऊन दिलेला टीव्ही आहे. नेट कधी असतं, कधी नसतं. आठवीला २३ मुलं.

गेल्या आठवड्यात 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा धडा घेतला. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपवरचा व्हिडिओ दाखवला, शिवाय यूट्यूबवरचे दोन. मुलं मन लावून बघत होती. "समजलं का?" विचारलं तर "हो सर" म्हणून वर्ग दणाणला. व्याख्या पाठ, एकक पाठ, सूत्र पाठ.

मग फळ्यावर एक सेल, एक बल्ब आणि दोन वायरी काढल्या आणि चिठ्ठीवर उत्तर मागितलं: बल्बकडे जाणाऱ्या वायरीत विद्युतधारा जास्त, की बल्बकडून परत येणाऱ्या वायरीत, की दोन्हीकडे सारखी? १७ जणांनी लिहिलं, जाणाऱ्या वायरीत जास्त. एका मुलीने कारणही दिलं होतं, "बल्बने करंट वापरला म्हणून परत जाताना कमी राहतो." चौघांच्या मते परतीच्या वायरीत काहीच नसतं. 'सारखी' म्हणणारे दोनच, आणि त्यातल्या एकाचं कारण "दोन्ही वायरी एकाच रंगाच्या आहेत".

त्या चिठ्ठ्या घरी नेल्या आणि रात्री पुन्हा पुन्हा वाचल्या. व्हिडिओत चूक काहीच नव्हती. तिन्हींत धारा सगळीकडे सारखी असते हे सांगितलेलं होतं. मुलांनी ते ऐकलं आणि स्वतःचं म्हणणं जसंच्या तसं ठेवलं.

त्यानंतर नॅशनल डिजिटल लायब्ररी, दीक्षा, फेट (विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग), अरविंद गुप्तांची विज्ञान-खेळण्यांची साइट असं सगळं धुंडाळलं. सामग्री एवढी आहे की अकरा वाजेपर्यंत बसूनही सकाळी वर्गात काय न्यायचं ते ठरेना. शोधायला गेलं की विषय, इयत्ता, धडा विचारतात. मला शोधायचंय ते वेगळंच आहे. करंट खर्च होतो असं ज्या मुलाला वाटतं, त्याच्यासाठी काय आहे? तुमच्यापैकी कुणी धडा बाजूला ठेवून संकल्पना धरून ही ग्रंथालयं वापरता का? नेमकं कसं, ते सांगाल का?

बाई_देवरुख

सर, त्या मुलीची चिठ्ठी जपून ठेवा. तिने तुमचं अर्धं काम करून दिलंय.

मी संगमेश्वर तालुक्यात २६ वर्षं विज्ञान शिकवतेय. तुमच्या मुलांची उत्तरं मला ओळखीची आहेत, आणि ती फक्त माझ्याच ओळखीची आहेत असंही नाही. १९८०च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांशी बसून हाच प्रश्न बोलून घेतला होता. मुलांच्या डोक्यात चार चित्रं सापडली. एक, सेलपासून बल्बपर्यंतची एक वायर पुरते, दुसरी नावापुरती. दोन, सेलच्या दोन्ही टोकांकडून करंट निघतो आणि बल्बमध्ये टक्कर होऊन उजेड पडतो. तीन, बल्ब थोडा करंट खातो आणि उरलेला परत जातो. चार, सगळीकडे सारखा. तुमचे चौघे पहिल्या चित्रात आहेत, सतरा जण तिसऱ्यात. म्हणजे मुलं ढ नाहीत आणि तुम्हीही कमी पडला नाहीत. जगभरची मुलं इथूनच निघतात.

त्यात आपली रोजची भाषा त्यांना तिकडेच ढकलते. वीज वापरली, युनिट जळाले, बॅटरी उतरली, एसी लाईट खूप खातो. पोर जन्मल्यापासून हेच ऐकतंय. खर्च होते ती ऊर्जा, बिलातलं युनिट म्हणजे किलोवॉट-तास, तेही ऊर्जेचंच. पण घरात बोलताना 'लाईट', 'करंट', 'वीज' सगळं एकच असतं. आपण वर्गात 'विद्युतधारा' हा शब्द आणतो, तो मूल परीक्षेच्या कप्प्यात ठेवतं. 'करंट' घरच्या कप्प्यात आधीपासून असतोच. दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी आता पहिल्या दिवशी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिते आणि मध्ये बरोबरचं चिन्ह काढते. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, शब्दाबद्दल शंका आली की तिथे बघते.

आता ग्रंथालयाचं. मीही आधी धड्याप्रमाणेच गोळा करायचे. '८वी धडा ४' नावाच्या फोल्डरात ४१ फायली झाल्या होत्या. चांगल्या होत्या म्हणूनच ठेवल्या होत्या. पण तास सुरू झाला की ४१ मधली कुठली उघडायची हे कधी सुचायचं नाही, म्हणून पहिली दिसेल ती लावायचे. एका मे महिन्याच्या सुट्टीत ते फोल्डर मोडलं. आता माझ्या फोल्डरांची नावं म्हणजे मुलांनी चिठ्ठीवर लिहिलेली वाक्यं आहेत, त्यांच्याच शब्दांत:

एक वायर पुरते.
बल्ब करंट खातो.
मोठा सेल म्हणजे जास्त करंट.
बटण दाबल्यावर करंट निघतो आणि बल्बपर्यंत पळत जातो.

एका फोल्डरात तीनच गोष्टी. मुलाचा अंदाज चुकलेला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी एक, हाताने करायची एक, आणि नंतर विचारायचा एक प्रश्न. चौथी चांगली गोष्ट सापडली तर आधीची एक काढते. असं केल्यापासून ग्रंथालयात शिरताना मला माहीत असतं की मी काय शोधायला आलेय. दोन तासांचं काम वीस मिनिटांत होतं, कारण समोर आलेल्या दहांपैकी नऊ गोष्टी छान असल्या तरी माझ्या वाक्याच्या कामाच्या नसतात.

'बल्ब करंट खातो' हे फोल्डर वर्गात कसं चालतं ते सविस्तर लिहिते, कारण तुमचे सतरा जण तिथेच आहेत.

पहिली गोष्ट फेटचं सर्किट कन्स्ट्रक्शन किट. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात, बोल्डरला, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२मध्ये हा उपक्रम सुरू केला. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. पडद्यावर नऊ व्होल्टची बॅटरी आणि दहा ओहमचा बल्ब जोडते. बल्बच्या अलीकडे एक अॅमीटर (धारा मोजायचा मीटर), पलीकडे एक. शेवटची वायर मात्र उघडी ठेवते. आता चिठ्ठ्या. दोन्ही मीटर किती दाखवतील ते प्रत्येकाने लिहायचं, नाव घालायचं, चिठ्ठी दुमडून स्वतःच्या खिशात ठेवायची. माझ्याकडे द्यायची नाही. खिशात असली की ती स्वतःच्या शब्दाला बांधलेली राहतात. मग एका मुलाला बोलावून शेवटची वायर जोडायला लावते.

दोन्हीकडे ०.९०.

इथे मी बोलत नाही. हे मला जमायला फार वर्षं लागली. शांतता होते, कुणीतरी म्हणतं "परत लावा", परत लावतो, परत ०.९०. मग साधारण दर वर्षी कुणीतरी विचारतं, "मग सेल का संपतो?" त्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप. तो आला नाही तर तास तिथेच थांबवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. मी स्वतः तो प्रश्न विचारत नाही.

दुसरी गोष्ट दोरी. धुणं वाळत घालायची सुती दोरी, नायलॉनची नको, हात कापतो. व्हरांड्यात बारा मुलं गोल उभी, दोरीची टोकं गाठ मारून एक मोठं कडं, सगळ्यांच्या सैल मुठीतून जाणारं. एक मूल सेल, ते दोरी हात बदलत ओढत राहतं. समोरचं एक बल्ब, ते मूठ जरा आवळतं. दोरीवर वीतभर अंतराने शाईच्या खुणा करून ठेवल्यात. बल्बच्या अलीकडचं मूल आणि पलीकडचं मूल मिनिटभर खुणा मोजतात. आकडा सारखाच येतो. बल्ब झालेल्या मुलाचा तळवा गरम होतो, तो सगळे हात लावून बघतात. आणि सेल झालेलं पोर घामाघूम. एका वर्षी एका मुलीने म्हटलं होतं, "दोरी संपत नाही बाई, हा दमला." ऊर्जा हा शब्द मी त्यानंतर काढला, तोपर्यंत त्याची गरजच पडली नव्हती.

तिसरी गोष्ट, नंतरचा प्रश्न. घरचं महिन्याचं बिल आणायचं आणि त्यावर आपण पैसे कशाचे भरतो ते सांगायचं.

आता सिम्युलेशनचं एक सांगते, कारण मी त्यात अडकले होते. समांतर जोडणीत दुसरा बल्ब लावला तर पहिला मंद होत नाही असं पडद्यावर दिसलं. लगेच टेबलावर खरा सेल घेऊन तेच केलं, तर पहिला बल्ब स्पष्ट मंद झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीव्हीवरचं खोटं आहे." माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी विषय बदलला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. घरी जाऊन बघितलं. सिम्युलेशनमधली बॅटरी आदर्श असते, तिला स्वतःचा रोध नसतो. आमचा सेल जुना होता, त्याच्या आतला रोध वाढलेला. त्याच सिम्युलेशनमध्ये बॅटरीचा रोध वाढवायची पट्टी आहे. ती थोडी सरकवली आणि पडद्यावरचा बल्बही मंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाकडून ती पट्टी सरकवून घेतली. तेव्हापासून पडद्याशेजारी खरा परिपथ मांडल्याशिवाय सिम्युलेशन उघडत नाही.

आणि पडद्यावरचे इलेक्ट्रॉन झरझर पळतात, ते खरं धरू देऊ नका. एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर धारा असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी ०.०७ मिलिमीटर सरकतात. मीटरभर जायला पावणेचार तास. तरी बल्ब लगेच लागतो, कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉननी भरलेली असते, दोरीसारखी. म्हणून चौथ्या फोल्डरातही दोरीच आहे.

'एक वायर पुरते' म्हणणाऱ्या चौघांना मात्र पडदा दाखवू नका. पडद्यावरच्या बल्बला दोन टोकं आयतीच दिसतात, मुलाला ती शोधावी लागत नाहीत. त्यांच्या हातात एक सेल, एक वायर आणि टॉर्चचा जुना बल्ब द्या, होल्डर नको. पेटवून दाखवा म्हणा. पंधरा-वीस मिनिटं जातात, जाऊ द्या. बल्बच्या बुडाचा ठिपका आणि बाजूचं आवरण ही दोन टोकं त्यांना स्वतःला सापडली पाहिजेत. हे बल्ब आता दुकानात मिळेनासे झालेत, सगळीकडे एलईडी. दिसले की दहा-बारा घेऊन ठेवा. सुरुवातीला एलईडी नको, ती एकाच बाजूने लागते आणि मुलाच्या मनात दुसराच गोंधळ होतो.

आयटीआय_निदेशक_कोल्हापूर

बाईंचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी झालेली पोरं येतात, मार्क चांगले असतात, आणि पहिल्या महिन्यात निम्मी सांगतात की फेजमधून करंट येतो आणि न्यूट्रलमधून "उरलेला" जातो. हे काढलं नाही तर पुढे जिवाशी खेळ आहे, न्यूट्रलला बिनधास्त हात लावतात.

मी टाँग टेस्टर वापरतो, वायर न तोडता तिच्याभोवती धरून करंट मोजायचा मीटर. हजार वॉटचा हीटर लावला, फेजच्या वायरीभोवती टाँग धरला, ४.३ अँपिअरच्या आसपास. न्यूट्रलभोवती धरला, तेवढाच. मग विचारतो, दोन्ही वायरी एकदम टाँगमध्ये घेतल्या तर? बहुतेक जण ८.६ म्हणतात. दाखवतो शून्य. जाणारा आणि येणारा सारखाच असतो आणि उलट दिशेने असतो, म्हणून दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडतं. घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, हेच तर बघत असतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्याच वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चाललाय, तो तिथेच सप्लाय तोडतो. बल्ब करंट खात असता तर घरात आरसीसीबी बसवताच आला नसता. दिवा लावला की ट्रिप.

सर, हे २३० व्होल्टचं काम आठवीच्या वर्गात अजिबात करू नका. मी आमच्या वर्कशॉपमध्ये दोन मिनिटांचा व्हिडिओ काढतो, मराठीत बोलून. शून्य दाखवायच्या आधी दहा सेकंद नुसता प्रश्न ठेवतो, म्हणजे तुम्हाला तिथे थांबवून चिठ्ठ्या घेता येतील. बाईंच्या फोल्डरातही बसेल.

दूरदेशी

मी मूळची सोलापूरची, सध्या अमेरिकेत मिडल स्कूलला विज्ञान शिकवते. सरांनी विचारलेला प्रश्न इथे पंचवीस वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला होता, म्हणून लिहितेय.

२०००मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेने नॅशनल सायन्स डिजिटल लायब्ररी सुरू केली. साहित्य खूप जमलं आणि तुम्हाला आली तीच अडचण तिथेही आली: शिक्षकाला नेमकं सापडेना. त्याच सुमारास प्रोजेक्ट २०६१ या उपक्रमाने संकल्पनांचे नकाशे छापले होते, पहिला खंड २००१मध्ये, दुसरा २००७मध्ये. (हॅले धूमकेतू १९८६ला आला तेव्हाची मुलं तो २०६१मध्ये परत येईल तोवर आयुष्यात काय काय बघतील, यावरून ते नाव.) एका पानावर एक विषय. तळाशी पहिली-दुसरीच्या मुलाला कळेल असा विचार, वर जाता जाता बारावीपर्यंतचा, आणि कुठल्या विचारावर कुठला उभा आहे ते दाखवणारे बाण. लायब्ररीने हे नकाशेच शोधाचं दार केलं. नकाशातल्या एका चौकटीवर टिचकी मारली की त्या एका विचाराचं साहित्य आणि त्याबद्दल मुलांच्या नेहमीच्या समजुती समोर यायच्या.

चंद्राचा नकाशा मला फार आवडायचा. अगदी तळाशी एवढंच: चंद्र रोज थोडा वेगळा दिसतो आणि साधारण चार आठवड्यांनी पुन्हा तसाच दिसतो. सूर्यप्रकाश आणि कक्षा यांवरून कला का दिसतात हे सहावी ते आठवीच्या पातळीवर. म्हणजे ज्या मुलाने महिनाभर चंद्र पाहिलेला नाही त्याला कलांचं अॅनिमेशन दाखवून उपयोग नाही, खालची पायरीच नाही. सोलापूरला आमच्या आजीला तिथी विचारायला दिनदर्शिका लागायची नाही, संध्याकाळी अंगणात येऊन सांगायची. इथल्या माझ्या वर्गात ती पायरी मला मुद्दाम बांधावी लागते.

म्हणून बाईंना एक सुचवते. मुलांच्या वाक्यांची फोल्डरं मला मनापासून पटली, पण बाण नसतील तर उद्या साठ फोल्डरं होतील आणि पुन्हा ढीग. आपल्या पुस्तकांत हा विषय चार ठिकाणी विखुरलेला आहे, सातवीला स्थितिक विद्युत, आठवी आणि नववीला धाराविद्युत, दहावीला विद्युतधारेचे परिणाम. एका मोठ्या कागदावर मुलांची वाक्यं मांडा आणि कुठलं सुटल्याशिवाय कुठलं सुटत नाही त्याचे बाण काढा. संगणकावर हवं असेल तर सीमॅपटूल्स मोफत आहे, पण कागदच बरा.

आणि जे वापरता त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. सरकारी निधी थांबल्यावर तो संग्रह दुसरीकडे हलवला गेला. माझ्या जुन्या दुव्यांपैकी कितीतरी आता उघडत नाहीत.

पेनड्राइव्ह_नाशिक

मी शिक्षक नाही, सुट्टीत शाळांचे संगणक लावून देतो. नेट नसलेल्या शाळेसाठी थोडक्यात:

फेटचं प्रत्येक सिम्युलेशन एकेक फाइल म्हणून उतरवता येतं, भाषांच्या यादीत मराठी निवडा. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते, बाकी काही बसवावं लागत नाही. फेटची सिम्युलेशन्स शाळेत वापरायला मोकळी आहेत, फक्त श्रेय लिहा. प्रत्येक फोल्डरात 'कुठून घेतलं' अशी एक छोटी फाइल ठेवायची सवय लावा, म्हणजे पुढच्या शिक्षकाला मूळ जागा सापडते. मराठी विकिपीडिया अख्खा ऑफलाइन हवा असेल तर किविक्स हे मोफत अॅप. मुलांना चार-पाच जुन्या मोबाइलवरून एकदम बघायचं असेल तर लॅपटॉपवर कोलिब्री हे शैक्षणिक सॉफ्टवेअर बसवून हॉटस्पॉट चालू करा. इंटरनेटशिवाय चालतं, त्यासाठीच बनवलंय.

काही टीव्हींवर पेनड्राइव्हमधली देवनागरी नावं नुसते चौकोन दिसतात. तुमच्या टीव्हीचं तसं असेल तर नावाआधी आकडा टाका आणि आकड्यांची यादी भिंतीवर लावा.

माणदेशी_शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळच्या शाळेत केलं, आज निवांत लिहितोय.

आधी चौघांना सेल, वायर आणि बल्ब दिला. म्हसवडच्या बाजारात एका जुन्या दुकानात सहा बल्ब मिळाले. पहिला बल्ब लागायला बारा मिनिटं लागली, आणि लागला तेव्हा त्या मुलाने तो हेडसरांच्या खोलीपर्यंत पळत नेऊन दाखवला, सेलसकट, बोट न सोडता.

मग दोन अॅमीटर. चिठ्ठ्या खिशात. आकडे सारखे आल्यावर मी बाईंनी सांगितलं तसं गप्प राहिलो. खूप वेळ वाटला, घड्याळात चाळीस सेकंदच झाले होते. "मग सेल का संपतो" हे कुणी विचारलं नाही. एक मुलगा म्हणाला, "मीटर बिघडलाय." दुसऱ्याने मीटरांची अदलाबदल करायला लावली. मला तेही आवडलं, शाळेत आजवर कुणी मीटरवर शंका घेतली नव्हती. तास तिथेच सोडला.

सोमवारी दोरी. सुती दोरी मिळाली नाही म्हणून एकाने घरून बैलाचा कासरा आणला. खरखरीत होता, बल्ब झालेल्या मुलीच्या तळव्याला रुमाल बांधला. ती म्हणजे "करंट वापरला" लिहिणारीच, मुद्दाम तिलाच बल्ब केलं. मिनिटभर झाल्यावर तिने दोरी सोडली आणि म्हणाली, "सर, माझ्याजवळ काहीच राहिलं नाही. जेवढी आली तेवढी गेली. हात तेवढा भाजला." मग थोडं थांबून, "मी चिठ्ठीवर चुकीचं लिहिलं होतं." ती चिठ्ठी तिने माझ्याकडे परत मागितली. मी दिली नाही, बाई म्हणाल्या होत्या जपून ठेवा.

आज पुन्हा तोच प्रश्न विचारला. २१ हजर होते. १४ जणांनी सारखी म्हटलं, त्यातल्या नऊ जणांची कारणं पटण्याजोगी होती. पाच जण अजून 'परत येताना कमी' याच मतावर आहेत, दोघांनी कोरी चिठ्ठी दिली. त्या पाच जणांशी उद्या एकेकट्याशी बोलणार आहे.

दूरदेशी ताई, चार्टपेपरवर बाण काढायला घेतलेत. सात वाक्यं झाली. निदेशक सर, व्हिडिओची वाट बघतोय.

आणि बाई, एक नवं वाक्य आलंय, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. एकसर जोडणीत (एकामागे एक) दुसरा बल्ब लावल्यावर पहिलाही मंद झाला, तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, पहिल्या बल्बला कसं कळतं की पुढे अजून एक बल्ब आहे? करंट तर त्याच्याकडे आधी येतो ना?"

बाई_देवरुख

सर, फोल्डर करा, नाव हेच द्या: 'पहिल्या बल्बला कसं कळतं'. माझ्याकडे हे वाक्य नव्हतं, मीही आजच केलं.

त्या मुलाला करंट म्हणजे एकामागून एक घरं घेत जाणारा पोस्टमन वाटतोय. सिम्युलेशनमध्ये पहिल्या बल्बच्या अलीकडे मीटर ठेवा आणि दुसरा बल्ब शेवटच्या टोकाला लावा, दहा ओहमचाच. ०.९० चं ०.४५ होईल, सगळीकडे एकदम. पण ते नंतर दाखवा. आधी कासरा. या वेळी त्याच मुलाला पहिला बल्ब करा, डोळे मिटायला सांगा, आणि त्याला न सांगता गोलाच्या पलीकडच्या एकाला मूठ आवळायला लावा. दोरी त्याच्या हातात मंद झाली की त्याने हात वर करायचा.

दोन-तीनदा वेगवेगळ्या मुलांना आवळायला लावा. मग डोळे उघडल्यावर तो काय म्हणतो, ते त्याच्याच शब्दांत इथे लिहा.